कांद्याला पत्रा चालत नाही

कांद्याच्या चाळीवर लोखंडी पत्रा टाकू नये. साठवणुकीच्या कुठल्याही सल्ल्यात हे असतंच, आणि आमच्या घोडेगावात ते शाळेतलं पोरही सांगेल. पत्रा तापला की आतली हवा तापते, कांद्याचं वजन घटतं, मग तो सडतो. त्यापेक्षा मंगलोरी कौलं टाका, सिमेंटचे पत्रे टाका, नाहीतर सरळ उसाचं पाचट अंथरा. चाळ एकपाखी असेल तर दक्षिणोत्तर बांधा, दुपाखी असेल तर पूर्व-पश्चिम. तळ जमिनीपासून उचलून घ्या, म्हणजे खालून हवा खेळेल. थराची रुंदी चार फुटांच्या आसपास ठेवा, ढीग फार उंच लावू नका. कारण कांदा काढल्यावरही जिवंत असतो, श्वास घेतो, उष्णता सोडतो.

एवढा सगळा विचार करून चाळ बांधणारा माणूस स्वतः मात्र पत्र्याखाली झोपतो. आमच्या वस्तीवर हे जवळपास प्रत्येक घरात दिसेल. ज्यांनी पत्रा काढून स्लॅब टाकला, त्यांची घरं रात्री अकरापर्यंत भट्टीसारखी धगधगत असतात, कारण स्लॅबने दिवसभर प्यायलेलं ऊन तो रात्री सावकाश परत करतो. आमचं घर त्यातलंच. तीन खोल्या, वर स्लॅब, आत सात माणसं. शेजारी खतांच्या गोण्यांचं पत्र्याचं गोडाऊन, आणि जरा पलीकडे २५ टनी कांदाचाळ, कौलांची. आमच्या मालकीच्या सगळ्या बांधकामांत सगळ्यात थंड जागा ती.

घोडेगाव कुठे, असं पुण्यात कुणी विचारलं की मी दोन खुणा सांगतो. नगरहून संभाजीनगरकडे जाताना शनिशिंगणापूरला वळायचा फाटा लागतो ते. किंवा शुक्रवारी जिथे म्हशींचा मोठा बाजार भरतो ते. तिसरी खूण कांदा मार्केटची, पण ती फक्त कांदा पिकवणाऱ्यालाच कळते. तालुका नेवासा. जिल्ह्याचं नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, एसटीतला कंडक्टर अजून ‘नगर’ असंच ओरडतो.

मार्च २०२० मध्ये मी हिंजवडीतून दोन बॅगा घेऊन घरी आलो तो तीन आठवड्यांसाठी. पुढे कंपनी बदलली, नव्या कंपनीने कुठूनही काम करा म्हणून सांगितलं, आणि मी इथेच राहिलो. क्लायंट इंग्लंडचे. म्हणजे दुपारी एक ते रात्री दहा. त्या वेळात आमच्या घरात काय काय चालतं ते बघा: दूध काढणं, गिरणीतून दळण येणं, आजीच्या मालिका, पुतणीचा पाढा, आणि संध्याकाळी सहा ते आठ अंगणात बसून पाण्याच्या पाळीवरून होणारी चर्चा. आमच्याकडची चर्चा शेजारच्या वस्तीवरही ऐकू जाते. मी हॉलमध्ये बसलो, मग आईबाबांच्या खोलीत पलंगावर, मग गोडाऊनमध्ये युरियाच्या गोण्यांवर फळी टाकून. शेवटची जागा शांत होती. पण एप्रिलमध्ये तिथे लॅपटॉपचा पंखा सुरू झाला की बंदच व्हायचा नाही.

मग मी जे करायला शिकलोय ते केलं, म्हणजे मोजलं. तापमानाचे चार स्वस्त सेन्सर मागवले, चार जागी टांगले, दर दहा मिनिटांनी आकडा वायफायवरून माझ्याकडे यायचा. मेच्या पहिल्या आठवड्यातली एक दुपार, तीन वाजता: बाहेर सावलीत ४१ अंश, पत्र्याखाली ४६, स्लॅबखाली ३९, कांदाचाळीत ३७. रात्री नऊला बाहेर ३२ झालं तरी स्लॅबखाली ३८. आलेख आजीला दाखवला. ती म्हणाली, “आरं, हे सांगायला मशिन कशाला? तिथं कुत्रं कुठं झोपतंय ते बघायचं.” कुत्रं चाळीखाली झोपत होतं.

खोली बांधायची ठरवली ती त्या दिवशी. दहा बाय बाराची, चाळीच्या मागे, लिंबाच्या सावलीत. घरापासून साठ-सत्तर पावलं.

घरापासून वेगळी, अंगणातली कामाची खोली ही कल्पना काही माझी नाही. इंग्लंडात तिची हौस जुनी आहे. बर्नार्ड शॉ लिहायला बागेतल्या एका आठ बाय आठ फुटांच्या लाकडी खोपटात बसायचा. ते खोपट फिरत्या बैठकीवर होतं, उन्हाप्रमाणे वळवता यायचं. त्याने त्याचं नाव ठेवलं होतं ‘लंडन’. म्हणजे नको ते पाहुणे आले की घरच्यांनी बिनदिक्कत सांगावं, साहेब लंडनला गेलेत. आमच्या भागापुरतं बोलायचं तर नेवाशात एक दगडी खांब आहे. त्याला टेकून ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, अशी परंपरा. टेकायला खांब आणि ऐकायला एक माणूस, एवढ्यात काम झालं. अर्थात त्यांना कुणी मध्येच ‘आवाज तुटतोय’ असं सांगत नव्हतं.

अण्णांना, म्हणजे वडिलांना, हे सांगितलं तेव्हा ते ज्वारीच्या कडब्याची पेंढी बांधत होते. बांधून झाल्यावर म्हणाले, “तुला इथून बाहेर काढायला सोळा वर्षं कांदा केला मी.”

याला काय उत्तर द्यायचं? इंजिनिअरिंगची चार वर्षांची फी कुठल्या वर्षी कांद्याने भरली आणि कुठल्या वर्षी सोसायटीच्या कर्जाने, हे मला पाठ आहे. गावात मुलगा पुण्याला असणं ही एक गोष्ट असते आणि मुलगा घरी असणं ही दुसरी. पगार तोच असला तरी. घरी बसलेला मुलगा म्हणजे काहीतरी बिनसलंय, असंच लोक धरून चालतात. लग्नाच्या बोलण्यात तर उघडच विचारतात, “पुण्यात फ्लॅट आहे का?” फ्लॅट नाही, मळ्यात दहा बाय बाराची खोली आहे, असं सांगून बघितलं. चहा संपवून लोक उठले.

लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगावर बसलेला मुलगा उद्या उठून जाऊ शकतो. विटांची खोली बांधणारा जात नाही. अण्णांना हे माझ्या आधी कळलं होतं, आणि त्यांना ते नको होतं.

दुसरी अडचण नानांची. नाना म्हणजे माझे चुलते. सातबारा अजून सामाईक आहे, आजोबा गेल्यापासून दोघा भावांची वहिवाट ठरलेली, पण कागदावर वाटणी नाही. खड्डे आखायला मी चुना टाकला त्या संध्याकाळी नाना आले, चुन्याच्या रेघेवरून चालत एक चक्कर मारली आणि अण्णांना म्हणाले, “पोरगं पक्कं बांधतंय. म्हणजे वाटणी झाली असं समजायचं का आम्ही?” त्यानंतर पंधरा दिवस दोघे भाऊ बोलले नाहीत. पाण्याची पाळी कुणाची, हे एकमेकांना सांगायला माझी पुतणी निरोप्या झाली. मी काम थांबवलं. चुन्याची रेघ एका वळवाच्या पावसात धुऊन गेली.

कायद्याने यात काही अडत नव्हतं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतावरच्या इमारतीची व्याख्या आहे: अवजारं, खत, वैरण, शेतमाल ठेवायला, जनावरं बांधायला आणि धारकाच्या कुटुंबातल्या माणसांनी राहायला. सॉफ्टवेअर त्यात नाही, पण मी कुटुंबातला माणूस आहे आणि राहतो. अडत होतं ते भाऊबंदकीत, आणि ती कुठल्याच कलमात बसत नाही. शेवटी आजीने सोडवलं. तिने दोघांना बोलावून सांगितलं की गावठाणातलं पडकं घर तिच्या नवऱ्याचं आहे, त्यातले दगड आणि लाकूड ती नातवाला देतेय, आणि नातवाने ते कुठे लावायचं हे ती सांगणार. वाटणीबद्दल ती एक शब्द बोलली नाही. नाना गप्प बसले. मग आईने चहा केला.

ते पडकं घर जरा सविस्तर सांगायला हवं, कारण खोलीचा निम्मा हिशोब तिथून आला. आपल्याकडे जमिनीला दोन रंग असतात. काळी म्हणजे पिकाची, पांढरी म्हणजे वस्तीची. जुनी घरं पांढरीच्या मातीची. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते, तिची भिंत कुणी करत नाही. आजोबांचं घर धाब्याचं होतं. खाली दगड, वर मातीच्या जाड भिंती, लाकडी खांबांवर तुळया, त्यावर फळ्या आणि सगळ्यावर पांढरीच्या मातीचा थर. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणतात आणि घर किती मोठं हे खणांत सांगतात. आमचं पाच खणी. माणसं मळ्यात राहायला गेली तशी वरच्या मातीची डागडुजी थांबली, आणि धाब्याच्या घराचं एकदा वरचं बघणं थांबलं की दोन-तीन पावसाळ्यांत ते बसतं. आम्ही तिथून तीन ब्रास दगड, दोन सागवानी तुळया आणि एक दार काढून आणलं. ट्रॅक्टरच्या चार खेपा.

काळ्या जमिनीत पाया म्हणजे मुरूम लागेपर्यंत खोदणं, दुसरा उपाय स्वस्तात नाही. आमच्याकडे साडेचार फुटांवर लागला. वर गावठाणातले दगड भरले आणि त्यावर जोत्याच्या उंचीला सळईचा एक काँक्रीट पट्टा सगळीकडून फिरवला, म्हणजे खालची माती इकडेतिकडे हलली तरी भिंत एकत्र राहील. खोली एवढीच, त्यामुळे कॉलम नाहीत. गवंडीमामांना ते पटेना. त्यांच्या मते कॉलम नसलेलं बांधकाम म्हणजे जनावरांचा गोठा.

खरा वाद भिंतीवर झाला. लॉरी बेकर हा बर्मिंगहॅममध्ये १९१७ साली जन्मलेला आर्किटेक्ट १९४५ मध्ये भारतात आला आणि इथलाच झाला. केरळात त्याने कमी पैशांत शेकडो घरं बांधली. तो विटा आडव्या न टाकता कडेवर उभ्या लावायचा. बाहेर एक उभी वीट, आत एक उभी वीट, मध्ये तीन इंचांची पोकळी, आणि ठरावीक अंतरावर दोन्हींना जोडणारी एक आडवी वीट. वरून बघितलं तर उंदराच्या सापळ्यासारखे चौकोन दिसतात, म्हणून रॅट-ट्रॅप बाँड. भिंत नऊ इंचीच राहते, विटा सुमारे चौथाई वाचतात, आणि मधली हवा ऊन आत येऊ देत नाही. मामांना मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, “पोकळ भिंत? लोकं मला हसतील. आन् नाव काय, तर उंदराचा सापळा.” मग ठरलं की आधी तीन फुटांची नमुन्याची भिंत उभी करायची. पाच दिवस पाणी मारलं. सहाव्या दिवशी मामांनी तिला जोरात लाथ मारली, मग पाय चोळत म्हणाले, “कर.”

साध्या नऊ इंची भिंतीला साधारण साडेतीन हजार विटा लागल्या असत्या, आम्हाला पावणेतीन हजार लागल्या. म्हणजे चौथाई नाही, पाचव्या हिश्शाच्या आसपास. आमची वीट हातभट्टीची, एक मोठी तर एक छोटी, त्यामुळे सांध्यात सिमेंट जास्त गेलं. पहिले चार थर मामा दर दहा मिनिटांनी मला हाका मारत होते. पाचव्या थरापासून त्यांनी मला जवळ येऊ दिलं नाही. आतून-बाहेरून प्लास्टर नाही, बाहेरून फक्त चुन्याचे दोन हात.

बाकीचं कांदाचाळीकडून घेतलं. लांबी पूर्व-पश्चिम, म्हणजे दुपारचं ऊन आखूड भिंतीवर, आणि त्या भिंतीला खिडकीच नाही. छताखाली विटा सोडून केलेली जाळी, तिथून गरम हवा बाहेर. खाली जमिनीलगत चार भोकं, बारीक जाळी लावलेली, कारण खालून हवा येते तसा सापही येतो. वर जुनी मंगलोरी कौलं. ही कौलं १८६५ साली बासेल मिशनच्या लोकांनी मंगलोरात कारखाना काढला तेव्हापासूनची, आणि चांगली असतील तर माणसाचं आयुष्य पुरवतात. नगरला जुन्या सामानाच्या वखारीत बारा रुपयांना एक मिळालं, चारशे आणली. कौलांखाली बांबूच्या तट्ट्या, म्हणजे धूळ कीबोर्डवर पडत नाही. खाली शहाबादी फरशी.

सगळा खर्च १,६०,००० रुपये. विटा २२,०००, सिमेंट-वाळू-सळई १८,०००, मजुरी ४५,०००, छताचा लोखंडी सांगाडा २२,०००, कौलं ५,०००, तट्ट्या ४,०००, फरशी ६,०००, दगड-लाकूड आणायला ६,०००, वायरिंग ८,०००, आणि इन्व्हर्टर-बॅटरी २४,०००. तयार पत्र्याच्या केबिनचं कोटेशन मी आणलं होतं, ते १,८०,००० होतं आणि त्यात कूलर वेगळा. पुण्यात मी एका खोलीला महिना १४,००० भाडं देत होतो.

बॅटरी चैन नाही. वस्तीवरची लाइट शेतीच्या फीडरवर आहे. थ्री फेज आठ तास, कधी दिवसा कधी रात्री, बाकीच्या वेळात सिंगल फेज, आली तर. लॅपटॉप, राउटर, कमी विजेचा पंखा आणि एक बल्ब मिळून ११० वॉट होतात; १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीवर माझी पूर्ण शिफ्ट निघते. इंटरनेटची तार केबलवाल्याने विजेच्या खांबांवरून आणलीय, शुक्रवारी बाजारातून परतणारा उंच पिंजऱ्याचा टेंपो ती अधूनमधून तोडतो. तेव्हा मोबाइल.

दाराची गोष्ट राहिली. कंपनीचा एक फॉर्म होता: कामाच्या जागेला कुलूप लागणारं दार आहे का? हे विचारणाऱ्याला सांगावंसं वाटलं की इथून पाच-सहा किलोमीटरवर एक गाव आहे, शनिशिंगणापूर, जिथे घरांना दारं-कुलपं न लावण्याची रीत आहे आणि २०११ मध्ये युको बँकेने कुलूप नसलेली शाखा उघडली म्हणून जगभर बातमी झाली होती. मी ‘हो’ वर खूण केली. दार आजोबांच्या घराचं आहे, सागवानी, कडी-कोयंड्याचं. त्याची उंची साडेपाच फूट. मी सहा फूट एक इंच. दिवसातून आठ-दहा वेळा वाकतो.

रात्री दहाला शिफ्ट संपते तेव्हा साठ-सत्तर पावलं हा मोठा रस्ता असतो. बाजूला ऊस. नेवासा, राहुरी, श्रीरामपूर, उसाच्या या सगळ्या पट्ट्यात बिबट्या आता नवलाचा राहिलेला नाही. मादी उसातच पिल्लं घालते. आईने आधी काठी दिली, मग घुंगराची काठी दिली, मग सोलरचा दिवा लावायला लावला. आणि तरीही दहाला पाच मिनिटं असताना ओट्यावरून टॉर्चचा उजेड खोलीच्या दारावर पडतो. टॉर्च आईचा असतो असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो. एकदा ती माहेरी गेली होती, उजेड त्या रात्रीही पडला.

गेल्या वर्षी कंपनीचा मेल आला की आठवड्यातले दोन दिवस ऑफिसला यायचं. त्यामुळे मंगळवार-बुधवार मी पुण्यात मित्राकडे असतो. नानांची धाकटी मुलगी बीसीएला आहे. तिने एक दिवस अभ्यासाला खोली मागितली, मी किल्ली दिली. आता सकाळी सहा ते बारा आणि मंगळवार-बुधवार पूर्ण दिवस खोली तिची. तिने भिंतीवर स्वतःचं वेळापत्रक लावलंय, माझ्या खुर्चीची उंची रोज बदललेली असते. वाटणीचा विषय नानांनी परत काढलेला नाही. मोजणीचा अर्जही कुणी केलेला नाही. त्यांनी एकदा येऊन सेन्सरचा आकडा बघितला, ३५, आणि विचारलं की हा चाळीत लावला तर कांदा कधी तापतो ते मोबाइलवर दिसेल का. दिसेल म्हणालो. त्यांच्या चाळीत आता दोन आहेत.

अण्णा बांधकामाच्या काळात कधी आत आले नाहीत. वास्तुशांतीला आले, नारळ फोडला, पाच मिनिटं उभे राहिले. लग्नाच्या बोलण्यांत ते अजून मुलगा पुण्याला असतो असं सांगतात; आठवड्यातले दोन दिवस ते खरंही आहे.

जुलैत मोठा पाऊस झाला. दुपारी तीनच्या कॉलमध्ये मी क्लायंटला काहीतरी समजावत होतो आणि तट्ट्यातून टेबलाच्या कडेला थेंब पडायला लागले. मी लॅपटॉप सरकवला. तेवढ्यात वर खडखड झालं. शिडी भिंतीला टेकल्याचा आवाज, मग कौलांवर जपून टाकलेली पावलं. समोरून विचारलं, हा आवाज कसला? मी म्हणालो, छताची दुरुस्ती चालू आहे. वरून अण्णांचा आवाज आला, “डाव्या अंगाचं तिसरं कौल सरकलंय. आतून काठीनं वर ढकल.” मी माइक बंद केला आणि घुंगराची काठी घेऊन टेबलावर चढलो.